टर्बो बदलण्याआधी बंपरच्या मागे बघा

पत्र:

"माझी २०१८ ची डिझेल सेडान आहे, १ लाख १२ हजार किलोमीटर झालेत. माहेर चिपळूणला, त्यामुळे कुंभार्ली घाट नेहमीचाच. गेल्या दीड-दोन महिन्यांपासून परतताना घाटाच्या पायथ्याची पोफळी सोडून चढण लागली की मध्येच गाडीचा पिकअप एकदम जातो. पिवळा इंजिनचा दिवा लागतो, ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी काटा अडीच हजारांच्या वर जात नाही, मागून काळा धूर येतो. बाजूला घेऊन, बंद करून पुन्हा चालू केली की गाडी नीट धावते, दिवा मात्र तसाच राहतो. कराडात शाळेत जाता-येता काही होत नाही. एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पी ०२९९ असा कोड आला, 'टर्बो गेलाय, ४८ हजार' म्हणाले. दुसरे म्हणतात ईजीआर बंद करून टाकू, दोन हजारांत भागेल. चुलत दीर म्हणतात बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा. 'मॅडम, तुम्ही गाडी हळू चालवता म्हणून कार्बन धरलाय' असंही ऐकून घेतलं. चढावर जोर दिला की पुढून सूंऽ असा आवाज येतो, तो पूर्वी नव्हता. बाकी गाडीला काही झालेलं नाही. मध्यंतरी एका दगडाला पुढचा बंपर घासला होता, तो बदलून घेतला, एवढंच. पुढच्या महिन्यात आईला आणायला जायचंय. काय करू?"
– एक शिक्षिका, कराड

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता शेवटी लिहिली आहे: बंपर बदलला. ४८ हजारांचं एस्टिमेट देणाऱ्यांना हे सांगितलं होतं का? बहुधा त्यांनी विचारलंच नसेल.

टर्बोवाल्या डिझेल गाडीत हवा कशी फिरते ते आधी बघू, म्हणजे बंपरचा संबंध लागेल. एअर फिल्टरमधून आत आलेली हवा टर्बो, म्हणजे इंजिनच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, दाबतो. दाबली की हवा तापते, तापली की विरळ होते, म्हणून तिला थंड करायला वाटेत इंटरकूलर असतो. दिसायला छोट्या रेडिएटरसारखा. बऱ्याच गाड्यांत तो अगदी पुढे, ग्रिल-बंपरच्या मागे बसवतात, कारण तिथे वारा लागतो. टर्बोकडून त्याच्याकडे एक जाड होज पाइप येतो आणि त्याच्याकडून इंजिनकडे दुसरा जातो. दोन्हींच्या टोकांना क्लिपा. बंपर काढला-बसवला, इंटरकूलर थोडा हलला, की यातली एखादी क्लिप सैल राहू शकते, पाइप अर्धाच चढलेला राहू शकतो. दगडानेच पाइपला चीर पाडली असेल, तर तीही बंपर बदलल्याने भरून येत नाही. डेंटिंगवाला बंपरची फट दोन्हीकडे सारखी आली का एवढं बघतो. पाइप हे त्याचं खातं नाही.

आता तुमची लक्षणं यावर ठेवून बघा. शाळेच्या रस्त्यावर टर्बोला फारसं काम नसतं, पाइपमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडाच जास्त असतो आणि सैल जोड तेवढा सांभाळून घेतो. पोफळी सोडली की हिशेब बदलतो. कोयनेचं पाणी ज्या उंचीवरून पोफळीच्या वीजघरात उतरतं, ती उंची तुमची गाडी वळणावळणांनी चढते, आणि त्यासाठी इंजिन टर्बोकडे भरपूर दाब मागतं. जोड तिथे उघडतो. हवा निसटते, तोच तुमचा सूंऽ आवाज. काळ्या धुराचं कारणही तेच. एअर फिल्टरच्या पुढे एक सेन्सर आत येणारी हवा मोजतो, कॉम्प्युटर त्या मापाने डिझेल सोडतो, पण मोजलेल्यातली बरीच हवा इंजिनपर्यंत पोचतच नाही. डिझेल जास्त, हवा कमी, म्हणून काजळी.

पिकअप हळूहळू न जाता एकदम जातो, कारण तो कॉम्प्युटर मुद्दाम काढून घेतो. मागितलेला दाब मिळत नाही असं काही सेकंद दिसलं की तो कोड नोंदवतो, दिवा लावतो आणि इंजिनची ताकद कापतो. गॅरेजमध्ये याला लिंप मोड म्हणतात. त्याचं वागणं चुकीचं नाही. पूर्ण भारावर छोट्या गाडीचा टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. हवा गळत असेल तर कमी पडलेला दाब भरून काढायला त्याला आणखी जोरात फिरावं लागतं, आणि ते फार वेळ चालू दिलं तर तो खरोखरच जातो. गाडी बंद करून चालू केली की कॉम्प्युटर पुन्हा एक संधी देतो, म्हणून तुमची गाडी लगेच नीट धावते. पंखा तुटलेला किंवा शाफ्ट अडकलेला टर्बो किल्ली फिरवून बरा होत नसतो.

मग स्कॅनरने खोटं सांगितलं का? नाही. पी ०२९९ चा अर्थ एवढाच की टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी पडला. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा विभाग, त्यापुढचं शून्य म्हणजे हा कोड सगळ्या कंपन्यांना सारखाच लागू. दाब का कमी पडला हे त्यात कुठेही लिहिलेलं नाही. टर्बो हे त्याच्या अनेक कारणांपैकी एक, आणि सगळ्यात महाग. कोड वाचून थेट पार्टचं नाव घेणारा मेकॅनिक तपासणी करत नाहीये, अंदाज करतोय, आणि तो अंदाज तुमच्या पैशांनी करतोय. थर्मामीटर बघून कोणी ऑपरेशनची तारीख देत नाही.

तपासायचं काय आणि कुठल्या क्रमाने, ते सांगतो. पहिलं पाऊल तुम्ही स्वतः टाकू शकता. इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडा आणि मनगटाएवढ्या जाड काळ्या पाइपांच्या टोकांशी टॉर्च मारा. टर्बोच्या हवेत तेलाचा अगदी बारीक अंश असतो, त्यामुळे जिथे गळती असते तिथे तेलकट, धूळ चिकटलेला काळा डाग दिसतो. पाइप हाताने दाबून, हलवून बघा. क्लिपेत गोल फिरत असेल किंवा चीर उघडत असेल तर निम्मं काम झालं. खालची टोकं वरून दिसत नाहीत, त्यासाठी गाडी लिफ्टवर घेऊन खालचं कव्हर काढावं लागतं. तिथेही डोळ्यांना काही दिसलं नाही, तर गॅरेजवाल्याने पाइपमध्ये साधारण एक बारपर्यंतच हवा भरून जोडांवर साबणाचं पाणी टाकावं. बुडबुडे आले की गळती सापडली. मोठ्या वर्कशॉपमध्ये धूर सोडून शोधायचं यंत्र असतं, तेही उत्तम. पाइप आणि क्लिपा टर्बोच्या किमतीच्या मानाने किरकोळ असतात. मात्र फाटलेल्या पाइपला टेप गुंडाळून देत असतील तर नको म्हणा, पुढच्या चढाला तो पुन्हा उघडतो.

पाइप धडधाकट निघाले तर पुढची पाळी टर्बोवर ताबा ठेवणाऱ्या ॲक्च्युएटरची. टर्बोच्या अंगाला एक डबी आणि त्यातून निघालेली दांडी असते, ती हवेच्या दाबाने किंवा व्हॅक्यूमने सरकते. तिथवर जाणारी पेन्सिलएवढी नळी उष्णतेने कडक होते, तडकते. हातपंप लावून दांडी सहज जाते-येते का, की अडखळते, ते पाच मिनिटांत कळतं. कार्बनने अडखळणारी दांडीसुद्धा गाडी बंद-चालू केल्यावर काही वेळ बरी वागते, म्हणून ही तपासणी टाळू नका. हळू चालवण्यावरून तुम्हाला जे ऐकवलं त्यात तथ्य इतपतच आहे: सतत छोट्या फेऱ्यांवर राहिलेल्या डिझेल गाडीत कार्बन जास्त बसतो. पण तुम्ही घाट नियमित चढता, आणि तुमचा त्रास बंपरच्या कामाच्या आगेमागे सुरू झाला. कार्बन असा मुहूर्त बघून धरत नाही.

मग दाब मोजणारा सेन्सर. त्याची एक सोपी परीक्षा आहे, ती बरेच जण करत नाहीत. इंजिन बंद ठेवून फक्त किल्ली ऑन करायची आणि स्कॅनरवर त्याचा आकडा बघायचा. इंजिन फिरत नाही, म्हणजे पाइपमध्ये बाहेरचीच हवा, म्हणून आकडा वातावरणाच्या दाबाएवढा यायला हवा. चिपळुणात साधारण १०० किलोपास्कल, कराड उंचावर असल्यामुळे तिथे ९४-९५ च्या आसपास. याच्या फार खाली-वर दाखवत असेल तर सेन्सर काजळीने माखलाय किंवा बिघडलाय, आणि कॉम्प्युटर त्याच्या चुकीच्या मापावर निर्णय घेतोय.

ईजीआर हा धुराड्यातला थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह. तो उघडा अडकला तर काळा धूर येतो आणि पिकअपही जातो, पण मग गाडी शाळेच्या रस्त्यावरही जड वाटली असती, आयडलिंगला थरथरली असती. तुमच्याकडे तसं नाही. तो खोलून साफ करणं वेगळं आणि पत्रा लावून बंद करणं वेगळं. बंद केलेल्या ईजीआरचा नवा कोड येतो, मग तो दिसू नये म्हणून कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदला म्हणतात, आणि दोन हजारांचं काम वाढत जातं. शिवाय प्रदूषण कमी करणारी यंत्रणा काढून टाकणं कायद्यात बसत नाही. मला तो धंदाच आवडत नाही.

डिझेल फिल्टर चोंदला तरी गाडी चढावरच मार खाते, म्हणून त्याचं नाव घेतो. पण तेव्हा डिझेलच कमी पडतं, त्यामुळे काळा धूर येत नाही, आणि कोड सहसा इंधनाच्या दाबाचा येतो, पी ००८७ सारखा. फिल्टर वेळेवर बदलला नसेल तर बदला, पण या दुखण्याचं औषध म्हणून नको.

एवढं सगळं झाल्यावर टर्बो. थंड इंजिनवर त्याच्या तोंडाचा पाइप काढून आतला शाफ्ट बोटाने हलवतात. आडवा अगदी किंचित हलला तर ते चालतं, तेलाच्या थरासाठी तेवढी जागा ठेवलेली असते. आत-बाहेर खेळत असेल, पाती कडेला घासल्याच्या खुणा असतील, इंजिन ऑइल कमी होत असेल आणि धूर निळसर असेल, तर टर्बोच्या नावाला अर्थ आहे. तसं निघालं तर तो का गेला हेही विचारा. टर्बो बहुधा तेलामुळे मरतो: ऑइल वेळेवर न बदलणं किंवा त्याला तेल पोचवणारी नळी चोंदणं. ते न बघता नवा बसवला तर तोही त्याच वाटेने जाणार. पूर्ण टर्बोऐवजी फक्त आतला गाभा बदलून मिळतो का, हेही विचारण्यासारखं आहे.

दिरांचा बॅटरीचा सल्ला तेवढा राहिला. वायर काढली की बऱ्याच गाड्यांत दिवा जातो आणि सगळे खूश होतात. पण त्यासोबत कोड जाईल आणि कोडबरोबर साठवलेली एक छोटी नोंदही जाईल. बिघाड झाला त्या क्षणी वेग किती, आरपीएम किती, इंजिनवर भार किती, हे कॉम्प्युटर त्यात टिपून ठेवतो. तपासणाऱ्याच्या दृष्टीने हा पंचनामा असतो, तो दुरुस्तीआधी पुसायचा नसतो. स्कॅनरवरही 'इरेज' दाबण्याआधी स्क्रीनचा फोटो काढून घ्या. उलट बाजूही लक्षात असू द्या: बिघाड सलग तीन फेऱ्यांत पुन्हा दिसला नाही तर दिवा सहसा आपोआप विझतो. म्हणून शहरात दिवा विझला तर घाटाचा प्रश्न सुटला असं समजू नका, कोड आत बराच काळ राहतो.

गॅरेजमध्ये जाताना पार्टचं नाव घेऊ नका. "टर्बो चेक करा" म्हटलं की जॉबकार्डवर टर्बो लिहिलं जातं आणि पुढे सगळे त्याच वाटेने जातात. तक्रार लिहायला लावा: बंपरच्या कामानंतर चढावर पिकअप जातो, काळा धूर, पुढून सूंऽ आवाज, बंद-चालू केल्यावर ठीक. मग म्हणा, इंटरकूलरच्या पाइपांची गळती तपासा, आणि स्कॅनर लावून माझ्यासोबत ट्रायल घ्या. ट्रायलला घाट लागत नाही. तासवड्याच्या बाजूला महामार्गावर गर्दी नसताना, गाडीत चार माणसं बसवून, चौथ्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमपासून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की पुरे. शेजारी बसलेल्याने दोन आकडे बघायचे: कॉम्प्युटरने मागितलेला दाब आणि प्रत्यक्षात मिळालेला. मागणी दोनशे किलोपास्कलची आणि मिळतंय एकशेतीस, असं काही दिसलं तर गळती किंवा ॲक्च्युएटर. दोन्ही आकडे जवळजवळ चालले तर दुखणं दुसरीकडे आहे. दुरुस्तीनंतर हीच ट्रायल परत घ्या, आकडे जुळले की मगच पैसे द्या. चालवायला तुम्ही बसा, आकडे बघायला मेकॅनिक. मग तो पुन्हा हळू चालवण्यावर बोलणार नाही.

स्वतःचा स्कॅनर घ्यावा का? ब्लूटूथवर मोबाइलला जोडायचा छोटा ॲडॉप्टर हजार-दीड हजारांत मिळतो. स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या वरच्या बाजूला, सोळा पिनांचं सॉकेट असतं त्यात बसतो. कंपनीचे खास कोड त्याला सगळे कळत नाहीत, पण पी ०२९९ सारखे सार्वत्रिक कोड, तो पंचनामा आणि टर्बोच्या दाबाचा प्रत्यक्ष आकडा बहुतेक गाड्यांत दिसतो. तुमच्यासारख्या घाटवाल्यांनी जरूर घ्यावा.

हा सल्ला तुमच्या गाडीचा आहे, म्हणून बाकीच्या वाचकांसाठी दोन वाक्यं. तुमची गाडी प्रदूषणाच्या जुन्या बीएस-४ नियमांतली, त्या काळातल्या बहुतेक छोट्या डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा डीपीएफ नव्हता. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये तो असतो, आणि पिकअप जाण्याआधी त्याचा स्वतंत्र दिवा लागत असेल तर आधी मॅन्युअल उघडून मोकळ्या रस्त्यावर सांगितलं आहे तशी गाडी चालवायची. पेट्रोल गाडीत इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर इंजिन मिस मारतंय, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळू शकतं, तेव्हा पाय लगेच हलका करून गाडी बाजूला घ्यायची.

आता तुमच्या पुढच्या महिन्याच्या खेपेचं. चिपळूणला जाताना घाट उतरायचा, तेव्हा काही होणार नाही आणि सगळं ठीक आहे असं वाटेल. परतीला आईला घेऊन, सामान भरून तोच चढ. ट्रायलचे आकडे जुळले नसतील तर गाडी कराडात ठेवा आणि एसटीने जा. घाटात अर्ध्या वेगाने रांगणाऱ्या गाडीमागे ट्रक आणि बस असतात, आंधळ्या वळणावर ते ओव्हरटेक करायला बघतात.

दुरुस्तीनंतरही कधी तसं झालंच, तर चालत्या गाडीत किल्ली फिरवायची नाही. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत एक-दोन दाबांत संपते आणि स्टिअरिंगही जड होतं. चारही इंडिकेटर एकदम लुकलुकणारे हॅझर्ड लाइट लावा, खालचा गिअर टाका आणि लिंप मोडमध्येच हळूहळू पुढच्या रुंद जागेपर्यंत जा, वळणावर थांबू नका. थांबल्यावर इंजिनच्या पिवळ्या दिव्यासोबत तेलाच्या किटलीचा किंवा तापमानाचा लाल दिवा आहे का ते बघा. लाल असेल तर इंजिन तिथेच बंद, आणि टो करूनच न्यायचं. फक्त पिवळा असेल आणि धूर निळा नसेल, तर बंद-चालू करून हलक्या पायाने घाट चढून आल्यावर लागणाऱ्या हेळवाकपर्यंत यायला हरकत नाही.